मामाला कारणे दाखवा नोटीस

दादाचा प्रोग्राम मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी, बंद करण्यात आला.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. आमच्या घरी ते घडलेलं नाही, तेव्हा इथेही घडलेलं नाही असं धरून चालू. दादाचा प्रोग्राम चालू आहे. उत्तम चालू आहे. विचारल्याबद्दल आभार.

तो चालतो संगणक केंद्राच्या तळघरात, यंत्रखोलीत. मी तिथला सहायक. यंत्रं गार आहेत ना, दिवे हिरवे आहेत ना, आणि सफाईवाल्याने कुठलातरी प्लग काढून तिथे मोबाइल तर लावला नाही ना, एवढं बघायचं. खोली इतकी थंड ठेवतात की मी बारा महिने स्वेटरमध्ये असतो आणि वरच्या मजल्यावरचे लोक माझ्या तब्येतीची चौकशी करतात. यंत्रांना उकडू नये म्हणून जेवढा जीव टाकला जातो तेवढा आमच्यासाठी टाकला असता, तर आम्हीही हिरवे लुकलुकलो असतो.

दादा त्याच केंद्रात वर गणिती होता. होता म्हणजे, होता. त्याच्या फुप्फुसांनी राजीनामा दिला आणि तो तत्काळ मंजूर झाला. आमच्या केंद्रात इतक्या वेगाने मंजूर झालेली ती एकमेव गोष्ट.

जाण्याआधी दादाचा एका संख्येवर संशय होता. कुठल्या, ते त्याला माहीत नव्हतं. सगळ्या संख्या एक ठरावीक नियम पाळतात असं बहुतेक गणिती मानतात, पण सिद्ध कुणालाच करता आलेलं नाही. दादाचं म्हणणं, इतक्या सगळ्यांत एखादी तरी नाठाळ निघणारच, आपल्या घरात नाही का मामा. म्हणून त्याने प्रोग्राम लिहिला. एकपासून सुरू कर, एकेक संख्या तपास, नाठाळ सापडली की ती छाप आणि थांब. नाही सापडली तर पुढची घे. बस्स. तशी संख्या कुठेतरी असेल तर प्रोग्राम थांबेल. नसेलच, तर तो कधीही थांबणार नाही. आणि मधेमधे काही सांगायचं नाही. अर्धवट काही दाखवायचं नाही हा दादाचा स्वभावच. शाळेत चित्रसुद्धा हाताने झाकून काढायचा.

रुग्णालयात शेवटी शेवटी तो आईला म्हणाला, "थांबेल बघ तो. एक दिवस थांबेल आणि संख्या छापेल. मग सगळे म्हणतील, हा बरोबर होता."

आईला संख्येचं काही नव्हतं. तिला एवढंच कळलं की दादाचं एक काम अजून संपलेलं नाही. आणि ज्याचं काम संपलेलं नाही तो गेलेला नसतो, त्याला घरी यायला उशीर होत असतो. शिवाय दादा गेला तेव्हा आई जवळ नव्हती. चहा प्यायला खाली गेली होती. तेही मीच तिला म्हटलं होतं, जा, जरा घोटभर घेऊन ये.

तेव्हापासून रोज दुपारी तिचा फोन येतो.

"धाकट्या, चालू आहे?"

"चालू आहे."

"थांबेल ना?"

"सांगता येत नाही, आई."

"मग बरं."

हे 'मग बरं' समजायला आमचे डॉक्टर माहीत असायला हवेत. पहिले डॉक्टर प्रत्येक प्रश्नाला "सांगता येत नाही" म्हणायचे. आई त्यांच्यावर बेहद्द खूश होती. नंतर मोठे डॉक्टर आले. त्यांना सांगता आलं. आईने त्यांना अजून माफ केलेलं नाही.

तर असं सगळं छान चाललेलं असताना साहेबांच्या डोक्यात वीजबचत शिरली.

साहेब माणसांना विभागाच्या नावाने हाक मारतात. माणसं बदलतात, विभाग तोच राहतो, उगाच नावं पाठ करत कोण बसणार.

"अहो यंत्रखोली," ते म्हणाले, "तुमच्याकडे खाली एक प्रक्रिया कधीपासून चालू आहे. ती थांबणार कधी?"

"सांगता येत नाही, सर."

"म्हणजे थांबणार नाही?"

"तेही सांगता येत नाही."

"मग सांगता काय येतं तुम्हाला?"

"आत्ता चालू आहे, एवढं."

साहेबांनी चष्मा काढला. चष्मा काढला की त्यांना कल्पना सुचते. "असं करा. एक तपासनीस प्रोग्राम लिहा. कुठलाही प्रोग्राम त्याच्यापुढे ठेवायचा, त्याने सांगायचं, थांबेल की थांबणार नाही. सोमवारपर्यंत द्या."

"असा तपासनीस असूच शकत नाही, सर."

"निधी कमी पडतोय?"

"नाही सर, तर्क आडवा येतोय."

"कुठल्या विभागाचा?"

मग मी त्यांना मामा समजावून सांगितला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्याच्याबद्दल कुणीही काहीही भाकीत केलं की तो त्याच्या बरोबर उलट वागतो. "मामा आता दुसरा चहा घेणार" म्हटलं की कप पालथा. "मामा बहुतेक निघतोय" म्हटलं की गादी पसरून आडवा. त्याचं लग्नसुद्धा, "हा काही लग्न करायचा नाही," असं आजोबा चारचौघांत बोलून गेले म्हणून झालं. मामी अजून आजोबांचं नाव काढलं की भांडी आपटते.

"आता सर, समजा तुमचा तपासनीस आहे. मी एक मामा-प्रोग्राम लिहितो. तो सुरू झाल्या झाल्या तपासनीसालाच विचारणार, मी थांबेन का? तपासनीस म्हणाला थांबशील, की हा कधीच थांबणार नाही, गोल गोल फिरत राहणार. तपासनीस म्हणाला नाही थांबणार, की हा तिथल्या तिथे थांबणार. म्हणजे तपासनीस काहीही म्हणाला तरी खोटाच पडला."

साहेबांनी विचार केला. करतात ते, नाही असं नाही. "मग मामाला सोडून बाकीच्यांचं सांगा."

"पण सर, कोण मामा आहे आणि कोण नाही, हे हमखास ओळखणारा प्रोग्रामही असू शकत नाही."

"म्हणजे कुणीही मामा असू शकतो?"

"हो, सर."

साहेबांनी हळूच उठून केबिनचं दार लावलं.

मी त्यांना पुढे सांगणार होतो की खरा त्रास मामांचा नाहीच. खरा त्रास दादाच्या प्रोग्रामसारख्यांचा, जे कुणाला खोटं पाडायला निघालेले नाहीत, खाली मान घालून आपलं काम करताहेत, आणि तरी त्यांचं काय होणार ते कळायची खात्रीची रीत नाही. यंत्र लहान आहे म्हणून नव्हे. आपण ढ आहोत म्हणूनही नव्हे. आहोत, पण म्हणून नव्हे. उत्तर ठरलेलं असतं, अगदी पक्कं. फक्त तिथवर नेमकं पोचवणारा रस्ता कुणी बांधलेला नाही, आणि प्रत्येकासाठी चालेल असा रस्ता बांधताच येणार नाही हे मात्र सिद्ध झालंय. उरतं काय, तर वाट बघणं. त्यातही मेख आहे. थांबला तर कळतं. नाही थांबला तर, तो थांबणार नाही असं कळत नाही. आपण अजून वाट बघतोय, एवढंच कळतं.

पण दार लागलेलं होतं, आणि मी बाहेर होतो.

पुढच्या आठवड्यात टायवाला आला. त्याचं नाव काय ते कुणी विचारलं नाही, कारण टायच आधी खोलीत शिरायचा. त्याने टेबलावर एक काळा खोका ठेवला.

"आमचं उत्पादन प्रत्येक प्रश्नाला उत्तर देतं," तो म्हणाला. "थांबेल किंवा थांबणार नाही. ताबडतोब."

"बरोबर उत्तर?" मी विचारलं.

"प्रत्येक प्रश्नाला," टायवाला म्हणाला.

साहेबांनी खोक्याला अधिकृत तपासनीस म्हणून नेमलं. त्याला ओळखपत्रही मिळालं, फोटोसकट. मला अजून मिळायचंय. मग दादाचा प्रोग्राम त्याच्यापुढे ठेवला. खोका क्षणभरही न घुटमळता म्हणाला: थांबेल.

आता मला पक्कं माहीत होतं की खोक्याला कशातलं काही कळत नाही. मी आधीच त्याच्यापुढे नुसता 'गोल फीर आणि फिरतच राहा' असा दोन ओळींचा प्रोग्राम ठेवून पाहिला होता, त्यालाही तो थांबेल म्हणाला होता. तो सगळ्यांनाच थांबेल म्हणायचा. गिऱ्हाइकाला तेच ऐकायचं असतं. हे सगळं माहीत असून मी जिन्यात पळत जाऊन आईला फोन लावला. माझ्या पायांना हे कुणी सांगितलं नसावं.

"आई, थांबेल म्हणतायत!"

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला. मग म्हणाली, "कोण म्हणतंय?"

"एक खोका आहे."

"त्याला काय माहीत?"

"तसं काही नाही."

"हं. धाकट्या, थांबायच्या आधी मला तिथे यायचंय. मागच्या वेळी मी खाली गेले आणि... या वेळी जवळ असेन म्हणते. बसायला खुर्ची आहे ना?"

"आहे. थंडी फार असते पण."

"शाल आणते," आई म्हणाली. गुडघ्यांचं औषध संपलं की पुढच्या आठवड्यात यायचं ठरलं.

मी खाली आलो तर साहेब माझ्याच खुर्चीत बसलेले.

"थांबेल असा निकाल आलाय," ते म्हणाले. "उत्तम. तर मग बंद करून टाका."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "सर, थांबेल म्हणतोय तो."

"तेच. थांबणारच आहे ना शेवटी? मग आत्ता थांबला काय, नंतर थांबला काय. मधली वीज वाचेल."

"सर, तो आपणहून थांबला तर संख्या छापेल. आपण थांबवला तर काहीच छापणार नाही."

"पण थांबेल ना?"

"थांबेल."

"मग निष्कर्ष एकच."

"सर, खोका चुकतोय. तो थांबेलच असं काही नाही!"

"म्हणजे तो थांबणारच नाही, कायम वीज खात राहणार?" साहेब उभे राहिले. "यंत्रखोली, मग तर आजच बंद करायला हवा."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. थांबणार असेल तर बंद करायचा. थांबणार नसेल तरी बंद करायचा. इतके दिवस दादाचा प्रोग्राम चालू होता तो एकाच कारणाने: कुणालाच काही माहीत नव्हतं. आमच्या अज्ञानाच्या जिवावर तो जगत होता, आणि मी जिन्यात नाचत होतो की उत्तर मिळालं.

एकच उपाय उरला. खोका खोटा आहे हे साहेबांना डोळ्यांनी दाखवायचं. निकालच रद्द झाला की पुन्हा 'सांगता येत नाही', आणि पुन्हा सगळं छान. मी दादाच्याच यंत्रावर, त्याच्या शेजारच्या जागेत, मामा-प्रोग्राम बसवला. जेमतेम चार ओळी. खोक्याला विचार, मी थांबेन का. मग उलट वाग. साहेबांसमोर चालू केला. खोका म्हणाला, थांबेल. मामा गोल गोल फिरायला लागला. आम्ही दोघं समोर खुर्च्या टाकून बसलो. साहेबांचा डबा खाऊन झाला, त्यांनी एक डुलकी काढली, संध्याकाळ झाली. मामा आपला फिरतोय.

"बघितलंत ना सर?" मी म्हणालो.

"बघितलं," साहेब गंभीर होते. "अधिकृत तपासनीस म्हणतो थांबेल, आणि हा थांबत नाही. हा सरळ सरळ आदेशभंग आहे."

दुसऱ्या दिवशी मामा-प्रोग्रामला कारणे दाखवा नोटीस निघाली. आपण तपासनीसाच्या निर्णयानुसार का थांबला नाहीत, याचा खुलासा करावा. ती यंत्राच्या दारावर चिकटवायचं काम माझ्याकडे आलं. मी ती मोठ्याने वाचूनही दाखवली, नंतर कुणी म्हणायला नको की कळवलंच नव्हतं. पाठोपाठ चौकशी समिती नेमली गेली. समितीचा पहिला ठराव: मामा हा या प्रकरणातला मुख्य पुरावा असल्याने खुलासा मिळेपर्यंत त्याला कुणीही हात लावू नये. लाल पट्टी लावून त्याची जागा सील झाली.

दादाच्या प्रोग्रामवर कसलीही चौकशी नव्हती. कुठलाही गुन्हा नाही, वर्तन चांगलं. म्हणून मंगळवारी तो बंद झाला.

बटण सहायकाने दाबायचं असतं, तसा नियम आहे. दाबण्याआधी मी छपाईयंत्राकडे बघत उभा राहिलो. का, कुणास ठाऊक. साहेबांनी घड्याळ बघितलं. मग मी दाबलं. छपाईयंत्रातून काही आलं नाही. नियमाप्रमाणे साठवणही, म्हणजे तो कुठवर पोचला होता ती नोंदही, पुसली गेली. प्रोग्राम माझ्याकडे आहे, तो मी घरच्या संगणकावर पुन्हा एकपासून सुरूही केलाय, पण तो बिचारा मंगळवारी जिथे होता तिथे पोचेपर्यंत मी, आई, साहेब, टायवाला, टाय, कुणीच नसू.

अर्थात, हे काहीच घडलेलं नाही. मला सांगायचा भाग होता तो आईच्या भेटीचा.

खऱ्या मामाला मात्र मी खरं सांगितलं. आईला आणायचं तर गाडी त्याचीच. "आईला सांगू नकोस" म्हटलं असतं तर दारातच सांगून मोकळा झाला असता. म्हणून मी म्हटलं, "मामा, मला माहितेय, तू आईला सांगणारच." मामाने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याचं लग्न पुन्हा ठरवलं. आजतागायत तोंड उघडलेलं नाही. फक्त नोटीस वाचायला तो यंत्राच्या दारापाशी थांबला, दोनदा वाचली, आणि कॉलर सरळ केली.

आई स्वेटरवर शाल, शालीवर माझा मफलर अशी आली. मी तिला माझी खुर्ची दिली. यंत्रावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"हाच का?"

"हेच यंत्र, आई." हे खरं होतं.

"चालू आहे?"

"चालू आहे." हेही खरं होतं. चालू होताच. कोण, ते तिने विचारलं नाही.

तिने यंत्राच्या बाजूला पालथा हात लावला, आम्ही लहान असताना कपाळाला लावायची तसा.

"गरम आहे रे."

"काम करतोय ना, आई."

"एवढ्या गार खोलीत एवढा गरम?" तिने शालीचं टोक यंत्रावर टाकायला घेतलं. मी म्हटलं, नको, हवा अडेल. तिने लगेच काढलं, आणि उगाचच त्याच्याकडे बघून म्हणाली, "अडली नाही ना?"

मामा भिंतीकडे तोंड करून लाल पट्टी वाचत होता. पट्टीवर काही लिहिलेलं नव्हतं.

मग आईने विचारलं, "थांबेल ना?"

आयुष्यात पहिल्यांदा मला उत्तर माहीत होतं. पाऊस येईल का, ओळखपत्र मिळेल का, मी कधी जाणार, दादाची नाठाळ संख्या आहे की नाही, यातलं मला काहीही सांगता येत नाही. पण या चार ओळी मी स्वतः लिहिल्या आहेत. खोका थांबेल म्हणाला, म्हणून हा थांबणार नाही. जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल मला खात्रीने माहीत असलेलं हे एकच भविष्य, आणि समोरून माझी आई तेच विचारत होती.

"सांगता येत नाही, आई."

"मग बरं," आई म्हणाली, आणि खुर्ची जरा पुढे ओढून बसली.

आता ती रोज येते. सकाळी मामा सोडतो, संध्याकाळी नेतो. साहेबांनी एकदा विचारलं, या कोण. मी म्हटलं, पुराव्याच्या नातेवाईक. ते मान हलवून निघून गेले. समितीची बैठक दर महिन्याला होते आणि मामाचा खुलासा न आल्यामुळे पुढे ढकलली जाते. आई चहाला वर जात नाही. कितीही म्हटलं तरी जात नाही. मी खाली आणून दिला तर घेते, पण कप हातात धरून नजर दिव्यावर ठेवते, आणि चहा गार होतो. त्या खोलीत सगळंच गार होतं, एक तेवढं यंत्र सोडून.

म्हणून काल मी अर्ज टाकला. त्याची प्रत खाली देतो.

प्रति,
मा. केंद्रप्रमुख,
यांच्या सेवेशी.

विषय: बंद करण्यात आलेल्या प्रक्रियेबाबत दाखला मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराच्या दिवंगत वडीलबंधूंची प्रक्रिया आपल्या आदेशान्वये बंद करण्यात आली आहे. सदर प्रक्रिया बंद केली नसती तर ती आपणहून थांबली असती किंवा कसे, याबाबतचा दाखला सही-शिक्क्यानिशी मिळावा. थांबली असती असे आढळल्यास, छापली गेली असती ती संख्या दाखल्यावर स्पष्ट अक्षरात नमूद करावी. थांबली नसती असे आढळल्यास, सदर बाब अर्जदाराच्या आईस कोणत्या अधिकाऱ्यामार्फत कळविण्यात येईल, त्यांचे नाव कळवावे. यांपैकी काहीही सांगणे शक्य नसल्यास, ते केव्हा शक्य होईल हे केव्हा सांगता येईल, तेवढे तरी लेखी द्यावे.

अर्जदाराची आई यंत्रखोलीत बसून आहे. दाखला मिळाल्यास तिला चहासाठी वर नेणे सोयीचे होईल. तरी सदर दाखला तिची खुर्ची रिकामी होण्यापूर्वी देण्याची कृपा व्हावी, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
यंत्रखोली